हरलेल्याला पहिला चहा

आमच्या रामनगरात रोजची भाजी मतदानानं ठरवणारं घर एकच होतं, आणि त्या घरचा कर्ता पुरुष रोज हरायचा. घरात मतं तीन. मास्तर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकी, आणि मास्तरांची थोरली बहीण आक्का. सकाळी मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "वांगं की दोडका? हात वर करा." काकी आणि आक्का विळीवरची नजर न काढता दोडक्याला हात वर करायच्या, मास्तर एकटे वांग्याला. मग ते खुशीत अंघोळीला जायचे आणि दुपारी तोच दोडका मिटक्या मारत खायचे. काकी म्हणायच्या, "ह्यांना वांगं न्हाई आवडत. ह्यांना हरायला आवडतंय." अख्खं रामनगर त्यांना हातवर मास्तर म्हणायचं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मराठी शाळेत मी त्यांच्या हाताखाली शिकलो. छडी त्यांनी कधी उचलली नाही, पण कुठलीही गोष्ट ठरवताना सगळ्यांचे हात वर झाले की ते विचारायचे, "विरोधात कोण?" आणि थांबायचे. नुसते विचारून पुढे जाणारे मास्तर आम्ही पुष्कळ पाहिले, हे थांबायचे. एकेका पोराचं तोंड न्याहाळत, घाई म्हणून नाही. एकदा सहल कॅसलरॉकला न्यायची ठरली. आगगाडीत बसायला मिळणार म्हणून सगळा वर्ग तयार. विरोधात एकटा मी, कारण तिथं माझी मावशी राहायची आणि ती स्टेशनवर डबा घेऊन येऊन सगळ्यांदेखत माझे मुके घेणार, हे नक्की होतं. मास्तरांनी कारण शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कारण रास्त आहे, मतं कमी पडली." सहल कॅसलरॉकलाच गेली, मावशीनं करायचा तो प्रकार केला, पण जाताना आणि येताना खिडकीजवळची जागा मास्तरांनी मला दिली. हरलेल्याला काहीतरी द्यायचं ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

त्यांच्या तावडीतून बसमधली माणसंही सुटत नसत. पावसात खिडक्या उघड्या ठेवायच्या की लावायच्या, यावर त्यांनी भर गाडीत हात वर करायला लावले, तेव्हा कंडक्टर वैतागून म्हणाला, "मास्तर, मी तिकिटं काढू का तुमी मतं मोजतासा?" मास्तर म्हणाले, "तुमचं मत कुणीकडं ते सांगा आधी."

निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसून राजकारण बोलतात. मास्तरांनी कापडी पिशवीत संविधानाचं पुस्तक आणि छत्री घातली आणि जोयड्याच्या रानातल्या वाड्या धरल्या. पंचायतीची ग्रामसभा व्हायच्या आधी प्रत्येक वाडीनं आपली सभा घेऊन आपलं काम सुचवायचं असतं, हा आमच्याकडचा कायदा. पण ती सभा घ्यायची कशी, हे वाड्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायचं काम मास्तरांनी आपणहून अंगावर घेतलं. बस जिथं संपते तिथून पुढं माझी मोटारसायकल. माझं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. रानात गिऱ्हाइकं आहेतच, म्हणून मी त्यांना सोडायला जायचो. निदान काकींना तरी मी तसं सांगायचो. खरं म्हणजे मला त्यांच्याबरोबर जायला आवडायचं.

दिग्गीच्या वाटेवर एक लहानशी वाडी आहे. शेतं, पोफळी, मग एक ओढा, आणि ओढ्यापलीकडं घरं. ओढ्यावर लाकडाचा साकव. दरवर्षी पाऊस सरला की सगळी वाडी मिळून तो नव्यानं बांधायची आणि दरवर्षी पाऊस तो घेऊन जायचा. बाया पाणीही दूरच्या झऱ्यावरून आणायच्या. वाडीचे मुख्य वडीलधारे म्हणजे बुधवंत. पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे. मास्तरांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडून सांगितलं, की यातला पहिला शब्द 'आम्ही' आहे. बुधवंतांनी विचारलं, "ह्यातल्या आमीत आमी हाव?" मास्तर म्हणाले, "तुमच्याशिवाय कुणीच नाही." बुधवंत म्हणाले, "मग आमाला इचारायला इतका उशीर का झाला?" मास्तर खूश. परत येताना गाडीवर मागे बसून त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकवला.

पण त्या वाडीत मास्तरांची विद्या अडली. पंचायतीला एक काम सुचवायचं होतं. बुधवंत म्हणाले, पक्का साकव. शेवंती नावाची एक बाई, डोक्यावर हंडे वाहून मान दुखायला लागलेली, म्हणाली, घरांजवळ पाण्याची टाकी. मास्तरांनी साकवासाठी हात वर करायला सांगितले, सगळे हात वर. टाकीसाठी सांगितले, पुन्हा सगळे हात वर. शेवंतीचा साकवाला, बुधवंतांचा टाकीला! मास्तरांनी पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. शेवटी बुधवंत त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तोंडासमोर मानसाला न्हाई म्हनायची आमच्यात रीत न्हाई. एकाला हात वर केला नि दुसऱ्याला न्हाई केला, तर त्याच्या मनाला काय वाटंल? रोज एकाच पानंदीच्या वाटेनं जातोय आमी." पंचायतीकडं दोन्ही कामं सारख्याच जोरानं गेली, आणि आधी एक ठरवून या म्हणून दोन्ही परत आली. त्या पावसात साकव वाहून गेला आणि शेवंतीचा हंडा डोक्यावरच राहिला.

त्यानंतर एकदा मास्तर माझ्या दुकानात येऊन बसले. म्हणाले, "रघ्या, भांडकुदळ माणसं असती तर सोपं होतं रे. भल्या माणसांना विरोध करायला शिकवायचं कसं?" मी म्हटलं, सोडा ना मास्तर, दुसऱ्या वाड्या काय कमी आहेत? त्यांनी मला विरोधात एक मत म्हणून मोजलं आणि पुन्हा तिथंच गेले.

उत्तर त्यांना चहात सापडलं. सभा संपली की वाडीत गुळाचा कोरा चहा आणि उकडलेले कंद मिळायचे. पहिला कप सगळ्यांत वडील म्हणून बुधवंतांना, ही वहिवाट. मास्तरांनी भर सभेत बुधवंतांची परवानगी मागितली, की आजपासून पहिला कप हरलेल्याला द्यायचा, आणि तो जिंकलेल्यानं आपल्या हातानं न्यायचा. का, तर आपण याच्या मताविरुद्ध आहोत, याच्याविरुद्ध नाही, हे त्याला कळावं म्हणून. मास्तर म्हणाले, "समता शिकवता येते, स्वातंत्र्य शिकवता येतं. बंधुता मात्र पाजावी लागते." बुधवंतांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "म्हंजे पयला च्या पायजे तर मला हारावंच लागंल की!" सगळी सभा हसली, आणि त्या हसण्यात वाडीची गाठ जराशी सैल झाली.

पुन्हा साकव आणि टाकी. साकवाला हात वर झाले, पण या वेळी सगळे नाही. टाकीच्या वेळी शेवंतीनं बुधवंतांकडं पाहिलं, डोळे मिटून घेतले आणि हात वर केला. मग तिच्या जावेनं, मग एकेकीनं, मग दोघाचौघा गड्यांनीही. टाकी जिंकली. शेवंती कप घेऊन इतक्या घाईनं बुधवंतांपुढं गेली की निम्मा चहा बशीत आला. मास्तरांनी विचारलं, "कसा लागला, बुधवंत?" बुधवंत म्हणाले, "व्हय, हाय की गोड. आज मला पाणी पाजणारीच्या हातचा हाय." टाकी झाली, पुढच्या खेपेला साकव पक्का झाला. मास्तर जाता-येता दोन्हींवरून हात फिरवायचे, जसं काही स्वतःच गवंडीकाम केलंय.

मग मास्तरांचं वय त्यांना गाठायला लागलं. लाल मातीच्या त्याच वाटेवर, वाडी दिसायला लागली होती तिथं, ते घसरून पडले. गुडघा कायमचा दुखावला आणि डॉक्टरांनी छातीचंही काही सांगितलं. बेळगावला असलेली त्यांची मुलगी मागे लागली, सगळे इकडंच या. घरात मतदान झालं. काकी आणि आक्का जाण्याच्या बाजूनं, मास्तर विरोधात. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी निकाल मानला नाही. म्हणाले, "हा विषय घरच्या सभेच्या कक्षेत येत नाही. वाड्यांनी मला बोलावलंय." काठी घेऊन ते पावसातही निघायचे, पायाला जळवा घेऊन घरी यायचे. काकी रात्र रात्र झोपायच्या नाहीत. एका बाजाराच्या दिवशी शेवंती रामनगरात आली, तेव्हा काकींनी तिला घरात बसवून सगळं सांगितलं, डोळ्यांना पदर लावून.

पुढच्या सभेला मीच मास्तरांना घेऊन गेलो. सभा आता शेवंती चालवायची. मास्तर कोपऱ्यात, ऐकायला. शेवंती उभी राहिली आणि म्हणाली, "पयला इषय. मास्तरांनी हितनं पुढं हिकडं यायचं न्हाई. बेळगावास लेकीकडं जायाचं. सभा आमी आमची घेऊ."

मास्तरांना आधी ऐकलं ते खरंच वाटेना. मग ते काठी टेकत उठले आणि जोरात बोलले. मी धडधाकट आहे, अजून पुष्कळ शिकवायचं राहिलंय, असा ठराव सभेला करताच येत नाही. सगळ्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला वाटलं, संपलं. या माणसाच्या तोंडासमोर ही वाडी नाही म्हणायची नाही.

"बाजूनं कोन?" शेवंती म्हणाली.

बुधवंतांचा हात पहिला वर गेला. मग सगळ्यांचे, मास्तरांकडं सरळ बघत. काही बाया रडत होत्या, पण हात कुणाचा खाली आला नाही.

"इरोधात कोन?" शेवंतीनं विचारलं, आणि ती थांबली. अगदी मास्तरांसारखी, एकेक तोंड न्याहाळत.

मास्तरांचा एकट्याचा हात वर होता.

चहा आला. बुधवंत ऐंशीच्या घरातले. पण पहिला कप त्यांनी स्वतः उचलला, बशी दोन्ही हातांनी धरून मास्तरांकडं नेली. "घ्या मास्तर. हारलासा." मास्तरांनी एक घोट घेतला. त्यांनी कप डाव्या हातात धरला आणि उजवा हात हळूच वर केला. "शेवंती," ते म्हणाले, "माझंही मत ठरावाच्या बाजूनं घे."

"आता न्हाई बदलता येत, मास्तर," शेवंती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "मतदान झालं. तुमचा इरोध तसाच ऱ्हानार, आमाला तो पायजे हाय."

मास्तरांनी हात खाली घेतला आणि ते उरलेला चहा शेवटपर्यंत प्याले.