तात्यांच्या चपला

शोरूममध्ये नव्या गाडीचं दार उघडलं आणि कोऱ्या चामड्याचा वास आला. याच कंपनीच्या छोट्या मॉडेलात माझे गुडघे मावेनात, नंतरच्या लांबड्या मॉडेलचं पोट प्रत्येक गतिरोधकावर घासलं. आता हे उंच.

वीसेक वर्षांपूर्वी त्या छोट्या गाडीतून चुलत्यांना, तात्यांना, घाटावरच्या आणे गावाहून खाली जुन्नरला आणलं होतं. उतरले तर अनवाणी.

"तात्या, चपला कुठायत?"

"आण्यातच ऱ्हायल्या की. गादी लई भारी, म्हणून बाहेर काढून बसलो व्हतो."

डोकंच फिरलं माझं! धुसफुसत अख्खा घाट परत चढलो. चपला रस्त्याच्या कडेला, शेजारीशेजारी, तशाच.

तात्या आता नाहीत. सेल्समन उत्साहानं एकेक मॉडेल दाखवतोय आणि मी वैतागलोय. इतकी मॉडेलं काढली, पण एकातही दाराशी चपला ठेवायला जागा करायचं कुणाला सुचलं नाही.