प्रिंटरचा दुसरा पासवर्ड

सुनंदाबाई गेल्याचं शिपायाने वर्गाच्या दारात येऊन सांगितलं. सकाळी छातीत दुखलं, अंबाजोगाईला नेईपर्यंत सगळं संपलं होतं... त्याला आता दीड महिना झाला. आमच्या घाटनांदूरच्या शाळेत त्या वीस वर्षं लिपिक होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही बाई कार्यालयातला लिनक्सचा संगणक कुणाला न विचारता स्वतः शिकली होती.

मागच्या साली नर्सिंगच्या प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी बारावी झालेली एक मुलगी दाखला न्यायला आली. बाईंनी तो छपाईला लावला आणि सहीसाठी मुख्याध्यापकांना बोलवायला गेल्या. परत आल्या तर प्रिंटरच्या रांगेतून दाखला कुणीतरी रद्द केलेला, आणि पाठोपाठ वीज गेली. ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मुलीचं वर्ष गेलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, कुणी काढला? कुणीच बोललं नाही. मीही नाही. माझी प्रश्नपत्रिका मागे अडकली होती, म्हणून मीच तो काढला होता.

आठवड्याभरात बाईंनी पासवर्ड लावून टाकला. त्याशिवाय दुसऱ्याचं काम कुणाला रद्द करता येईना. प्रिंटरचे कारभारी दोघंच ठेवले, एक त्या आणि दुसरा मी. मी नको म्हणत होतो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पडद्यावरच्या काळ्या चौकटीत एक ओळ लिहिली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी माझ्या पासवर्डची अक्षरं दाबत होतो, पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नव्हतं.

"दिसत न्हाई सर," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पण आत जातंय."

बाई होत्या तोवर तो पासवर्ड मी कधी वापरला नाही. बाई गेल्यावर थोड्याच दिवसांत प्रिंटर थांबला, बारावीचे दाखले अडले. तेव्हा पहिल्यांदा तो टाकून आत शिरलो, प्रिंटर चालू केला, आणि मग झालेल्या कामांची यादी उघडली. बाईंनी ती कधी पुसलीच नव्हती. त्या मुलीचा दाखला, पुढे 'रद्द'. त्याच मिनिटाला, खालच्या ओळीत, माझ्या नावावर प्रश्नपत्रिका, पुढे 'पूर्ण'.

म्हणजे मला खुर्चीत बसवलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. वर्षभर समोरासमोर बसून आम्ही चहा घेतला... एका शब्दाने त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही.

कारभाऱ्यांत अजून त्यांचं नाव वर आहे, माझं खाली. बाईंचं काढून टाका, असं नवे लिपिक म्हणतात. मी हो म्हणतो. दाखले निघत असले की मात्र कार्यालयात जातो आणि शेवटचं पान बाहेर येईपर्यंत तिथंच उभा राहतो.