डावीकडचा दरवाजा

ठाण्याच्या आवारात उभ्या गाडीचा डावीकडचा पुढचा दरवाजा उघडेना. मी हँडल ओढून पाहिलं, पाय टेकवून ओढलं. मग मेकॅनिकने पहार लावली. दरवाजा हलला नाही. मागचाही तसाच. दोन्ही काचा वर होत्या आणि शाबूत होत्या. समोरची काच तडकली होती, पण जागेवर होती. माझ्या हातातल्या एफआयआरमध्ये मात्र लिहिलं होतं की टक्कर होताच डाव्या दरवाजातून एक महिला बाहेर फेकली गेली.

मी मोटार सर्व्हेयर आहे. अपघात झाला की विमा कंपनी आमच्यासारख्यांना गाडी तपासायला पाठवते. आम्ही कंपनीचे नोकर नसतो, केसमागे फी मिळते. माझे यजमान एअर फोर्समध्ये, त्यामुळे बिऱ्हाड लखनौजवळच्या बख्शी का तालाबला, आणि त्या भागातल्या गाड्या माझ्याकडे येतात.

ही गाडी चोरीची होती. भर दुपारी नाक्यावर पोलिसांनी हात केला, गाडी थांबली नाही, जीप मागे लागली. मलिहाबादच्या अलीकडे एका वळणावर गाडी रस्ता सोडून छोट्या पुलाच्या कठड्यावर आदळली. जीप वळण घेऊन पोचेपर्यंत दोघं उजव्या बाजूने उतरून आमराईत पसार झाले होते. चालवणारा स्टिअरिंगवर बेशुद्ध होता. आणि डाव्या बाजूला, गाडीच्या थोडं पुढे, नाल्यात राजरानी नावाची एक बाई पडली होती. पोलिसांनी तिलाही गाडीतलीच धरलं.

एफआयआरमधल्या त्या एका वाक्यावर तिचा भरपाईचा दावा अडला होता. रस्त्यावरच्या बाहेरच्या माणसाला धडक बसली, तर तो ‘थर्ड पार्टी’. गाडी चोराच्या हातात असली तरी त्याची भरपाई बहुधा कंपनीच्या गळ्यात पडते. चोरांबरोबर त्याच गाडीत बसून आलेल्याला मात्र काही मिळत नाही. कंपनीचे क्लेम मॅनेजर त्रिपाठीजी मला म्हणालेच होते, की केस सरळ आहे, चार फोटो काढा आणि दोन पानांचा रिपोर्ट द्या.

चार फोटो काढतानाच मला डावा हेडलाइट दिसला. काच फुटली होती आणि बॉनेटची ती कड आत दबली होती. कठड्यावर आदळला होता तो गाडीच्या तोंडाचा मधला भाग. मग इथे काय लागलं? टॉर्च मारली तर फुटलेल्या हेडलाइटच्या आत प्लास्टिकची एक पट्टी अडकलेली होती. बोटभर रुंद, वीतभर लांब, एका कडेला निळ्या अक्षरांचे अर्धे तुकडे. मी तिला हात लावला नाही. फोटो काढला आणि राजरानीच्या घरी गेले.

ती खाटेवर होती. मांडीत सळई, खुब्याला मार. नवरा बाजूला बसून होता. तिने सगळं शांतपणे सांगितलं. ती नर्सरीत आंब्याची कलमं बांधायची. त्या दिवशी पायी घरी चालली होती. मागून आवाज आला, एवढंच तिला आठवत होतं. पायाबद्दल ती फार बोलली नाही. गावात लोक म्हणत होते की ही चोरांबरोबर फिरायची, आणि नर्सरीच्या मालकाने परत येऊ नकोस असा निरोप पाठवला होता. ते मात्र तिने दोनदा सांगितलं.

मी मोबाइलवर पट्टीचा फोटो दाखवला. तिने फोन हातात घेऊन जवळ धरला.

“ये तो हमारी पन्नी है,” ती म्हणाली. “इसी से कलम बाँधते हैं.”

नर्सरीत जुन्या छापील पिशव्या कापून अशा पट्ट्या करतात. पट्ट्यांची जुडी तिच्या कमरेला खोचलेली असायची. हॉस्पिटलने परत दिलेल्या कपड्यांचं गाठोडं नवऱ्याने सोडलं, तर जुडी त्यातच होती. एकेक पट्टी फोटोशेजारी धरत गेलो. सातवी की आठवी पट्टी जुळली. अक्षरांचे उरलेले अर्धे भाग तिच्यावर होते.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला आणि गाठोड्याला घेऊन ठाण्यात गेले. तपास करणारे दरोगाजी आधी ऐकेनात. एफआयआर बदलत नसते, म्हणाले. मी म्हटलं, बदलू नका, पोचल्यावर जे दिसलं त्यावरून तुम्ही लिहिलंत. फक्त एकदा डावा दरवाजा उघडून दाखवा.

आवारात येऊन त्यांनी स्वतः ओढला. मग दोन शिपाई लावले. तिघं घामाघूम झाले. दरोगाजींनी दरवाजा सोडला. मग हेडलाइटपाशी वाकले, आपल्या हाताने पट्टी काढली, जुडीतल्या पट्टीला लावून पाहिली.

“लिखो,” ते मुंशीला म्हणाले. “महिला गाड़ी में नहीं थी.”

पट्टी आणि जुडी सीलबंद झाली, पंचनाम्यावर सह्या झाल्या. तो कागद जोडून मी अकरा पानांचा रिपोर्ट दिला.

त्रिपाठीजींनी तो उभ्यानेच वाचला. “मैडम, आपको कंपनी ने भेजा था.”

“हाँ सर,” मी म्हटलं, “गाड़ी देखने.”

त्यानंतर काही महिने मला त्या ऑफिसातून एकही काम आलं नाही. यजमानांनी विचारलं, पस्तावतेस का? थोडी काळजी वाटत होती, हे खरं. पस्तावा नव्हता.

केस अपघात-भरपाईच्या ट्रिब्युनलसमोर गेली. माझी साक्ष झाली. कंपनीच्या वकिलाने मला दोनच प्रश्न विचारले आणि खाली बसला. निकाल पूर्णपणे राजरानीच्या बाजूने लागला. ती थर्ड पार्टी, भरपाई कंपनीने द्यायची. बाहेर व्हरांड्यात ती काठीवर भार देऊन उभी होती. तिने मला एकच गोष्ट विचारली, ती गाडीत नव्हती असं लिहिलेलं पान मिळेल का? तिच्या वकिलाने नक्कल काढून दिली. ती तिने प्रधानाकडून, म्हणजे तिकडच्या सरपंचाकडून, गावात सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून घेतली, दोनदा. पुढच्या आठवड्यात नर्सरीचा मालक स्वतः बोलवायला आला. आता ती स्टुलावर बसून कलमं बांधते आणि नव्या बायकांना शिकवते.

त्रिपाठीजींचाही फोन आला. एक किचकट केस होती, कुणालाच उलगडत नव्हती. फाइल लगेच पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, फाइल सावकाश पाठवा, आधी गाडी कुठे उभी आहे ते सांगा. आमच्या धंद्यात कागद नंतर वाचलेला बरा.