डिपेंडंट रेकॉर्डिस्ट

प्लेनोतल्या मराठी पार्टीत पुरुषमाणसाला पहिला प्रश्न विचारतात तो "तुम्ही कुठे?" हा. ह्याचं उत्तर "इथेच, सोफ्यावर" असं द्यायचं नसतं. कंपनीचं नाव सांगायचं असतं. शैलेंद्र मिरजकर २००३ साली टेक्ससला आला, त्याच आठवड्यात एका पार्टीत गेला आणि ह्या प्रश्नाला "घरी" असं खरं उत्तर देऊन बसला. समोरच्या गृहस्थांचा समोसा तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"म्हणजे वर्क फ्रॉम होम?"

"नाही. नुसतंच होम."

नोकरी होती सुमेधाला, त्याच्या बायकोला. ती एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची आणि तिच्या व्हिसाच्या शेपटाला शैलेंद्र बांधलेला होता. ह्या शेपटाला एच-फोर म्हणतात. एच-फोरवाल्याने राहावं, खावं, गाडी चालवावी, काम मात्र करू नये. हा व्हिसा बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतो. प्लेनोत एच-फोर बायकांची एक भिशीसुद्धा होती. त्यांनी मोठ्या मनाने शैलेंद्रलाही निरोप धाडला, "या ना, आज ढोकळा आहे." तो गेला नाही. ढोकळा चांगला झाला होता असं नंतर कळलं.

पुण्यात हा माणूस रेकॉर्डिस्ट होता. भावगीतं, बालनाट्यं, मसाल्यांच्या जाहिराती, सगळं त्याने टेपवर घेतलेलं. गायिकेचा घसा बसतोय हे तिच्याआधी त्याला कळायचं. काचेपलीकडून तो नुसता "ताई, जरा चहा घेऊ या" म्हणायचा आणि ताई समजायच्या. असा कान घेऊन तो प्लेनोत आला, आणि त्या कानाला काम काय, तर डिशवॉशर कुठल्या बाजूने कुरकुरतोय ते ओळखणं. महाराष्ट्र मंडळाने त्याची कदर केली, नाही असं नाही. दर कार्यक्रमात स्टेजवरून हाक यायची, "शैलेंद्र, माईकचं बघ रे जरा!" आणि आभारप्रदर्शनात पोळ्या लाटणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं यायची. माईक आपोआप वाजला असावा अशी समजूत होती.

एव्हर्टन त्याला भेटला तो एसी दुरुस्त करायला आला म्हणून. एव्हर्टन जमैकाचा, पन्नाशीचा, दारातून वाकून आत येणारा. टीव्हीवर डिशवाल्याचं महागडं क्रिकेट चालू होतं. ते बघून तो एसी विसरला आणि लंच ब्रेकपर्यंत सोफ्यावर बसला. टेक्ससमध्ये एलबीडब्ल्यू समजणारा माणूस भेटणं म्हणजे नात्यातलंच कुणी भेटणं. जाता जाता तो म्हणाला, आपला एक रेगेचा बँड आहे, गॅरेजमध्ये वाजवतो, ये कधीतरी.

गॅरेजमध्ये गेल्यावर शैलेंद्रला बँड दिसलाच नाही. त्याला दिसलं कोपऱ्यातलं फ्रिजएवढं टेप मशीन. सोळा ट्रॅकचं, दोन बोटं रुंद टेपचं, बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओतून एव्हर्टनने उचललेलं. वर टॉवेल वाळत घातला होता.

"चालतं?" शैलेंद्रने विचारलं.

"गुरगुरतं," एव्हर्टन म्हणाला.

शैलेंद्रने टॉवेल काढला, स्पिरिट मागवलं, कापूस मागवला आणि मशीनची हेडं पुसायला बसला. माहेरी आलेल्या बाईने आल्या आल्या ओटा पुसायला घ्यावा तसा.

पुढची दोन वर्षं तो दर शनिवारी तिथे जात होता. पैसा नाही, चेक नाही. एव्हर्टनची बायको भात-राजमा वाढायची, तेवढंच मानधन.

रेगे त्याने आधी कानावरून जाऊ दिलेला होता. आता तो त्याच्या पोटात शिरला. रेगेत सगळं घर खर्जावर उभं असतं. गिटार नुसती हुंकार भरते, गाणारा आपल्या नादात असतो, आणि संसार ओढतो तो बेस. ड्रमवाला तर पहिल्या मात्रेला हातच लावत नाही. त्याचा दणका पडतो तिसरीवर. आपल्याकडे समेवर यायला माणसं आवर्तनभर जीव टाकतात, आणि ही मंडळी समेलाच रजा देतात! शैलेंद्रला हे इतकं आवडलं की त्याने घरी सुमेधाला टेबल वाजवून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. वरण उतू जातंय."

ह्या गोष्टीत देवांग आला तो लॅपटॉप घेऊन. देवांग मंडळातलाच, नागपूरचा, मोकळा, उत्साही, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, त्यामुळे संगीतातलं त्याला कळायचं. एका शनिवारी तो बरोबर आला आणि मशीन बघून हसलाच.

"यार, हे काय म्युझियम आहे? लॅपटॉपमध्ये घे ना. नॉइज नाही, झंझट नाही. चुकलं की करेक्ट करता येतं."

"ह्यांचं चुकलेलं करेक्ट करायचं नसतं रे. खर्ज जोरात टेपवर घेतला ना, की टेप तो पोटात घालते. कडा गोल होतात. तुझ्या डिजिटलमध्ये रेघेच्या वर गेला की टरकन फाटतो."

"मग रेघेच्या खाली ठेवायचा! सिंपल!"

"मग तो रेगे कशाला? भजन लाव."

वाद मिटवायला एकच गाणं दोन्हींवर घेतलं. देवांगने आपली फाइल घरी नेली आणि आठवड्याने अभिमानाने आणून वाजवली. एव्हर्टनच्या चेहऱ्यावर पाहुण्याने मिठाऐवजी साखर घातल्यासारखे भाव आले. देवांगने खरखर काढली होती, हे ठीक. पण ड्रमवाला बिचारा दर वेळी समेला चुकतोय असं वाटून त्याने सगळे ठोके एकेक उचलून पहिल्या मात्रेवर आणून बसवले होते. रेगेचं पार लेझीम झालं होतं.

"माझ्या पहिल्या मात्रेवर हा कोण उभा आहे, मॅन?" एव्हर्टनने विचारलं.

"अरे, सम दिली मी तुम्हाला!" देवांग म्हणाला. "मेहनत लागली!"

गॅरेज हसून हसून लोळलं. देवांगही हसला, तो मनाने चांगलाच होता. गाणी टेपवरच घ्यायची हे ठरलं.

२००५ च्या सुरुवातीला देशातला टेपचा मोठा कारखाना बंद पडला आणि जिथे तिथे रिळांची शोधाशोध सुरू झाली. एव्हर्टनने कुठून तरी शेवटची रिळं मिळवली. त्यांच्यावर अल्बम पुरा झाला. शेवटच्या गाण्याचा बेस ऐकताना शैलेंद्रच्या हातावर काटा आला. पुण्यातल्या सगळ्या वर्षांत त्याने असा खर्ज पकडला नव्हता. अल्बम सीडीवर निघणार, टेपची ही गंगा शेवटी आकड्यांच्याच नळातून वाहणार, हे त्याला माहीत होतं. पण आत शिरताना ती गंगा होती.

एव्हर्टन कव्हरचा कागद घेऊन बसला. "तुझं नाव सांग. पूर्ण. मला अक्षर अक्षर हवं."

शैलेंद्रने अक्षर अक्षर सांगितलं. "रेकॉर्डेड बाय" च्या पुढे ते लांबलचक मिरजकर प्रकरण मावेना, म्हणून एव्हर्टनने टाइप बारीक केला. तो नमुना शैलेंद्र घरी घेऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर, सुमेधाच्या ताटाशेजारी ठेवला. ह्या देशात आपण नुसते राहिलो नाही, काहीतरी केलं, एवढं सांगणारा तो एकच कागद होता.

सुमेधाने तो वाचला आणि हातातला घास खाली ठेवला.

"शैलेंद्र, हे नाव नको रे."

"का?"

"आपलं ग्रीन कार्ड लेबर खात्याच्या मंजुरीत अडकलंय. उद्या कुणी हे बघितलं तर? एच-फोरवर काम केलं म्हणतील."

"काम? एक डॉलर घेतला नाही मी. राजमा खाल्लाय."

"मी वकिलाला विचारलं मागेच. तो म्हणाला, फुकट केलेलं कामही काम धरू शकतात. रिस्क घेऊ नका म्हणाला."

"मागेच विचारलंस?"

"तू इतका खुशीत होतास, मला सांगवेना." मग एकदम तिचा आवाज चढला. "मी एकटी ओढतेय हे सगळं. मॅनेजरपुढे जीभ चावून बसते, कारण नोकरी गेली तर दोघंही गेलो. तुला एक ओळ पाहिजे म्हणून मी सगळं पणाला लावू?"

तिचं चूक नव्हतं. हीच तर पंचाईत होती. चूक असती तर भांडता आलं असतं.

शनिवारी शैलेंद्रने एव्हर्टनला नाव काढायला सांगितलं. एव्हर्टनने हातातला कागद खाली ठेवला. "आमची लाज वाटते तुला?"

शैलेंद्रने व्हिसा समजावला. एच-फोर हा प्रकार इंग्रजीत समजावता समजावता तो स्वतःलाच खोटा वाटायला लागला. एव्हर्टन शेवटी म्हणाला, "पण ती जागा रिकामी नाही सोडणार मी. लोक म्हणतील, ह्यांच्याकडे रेकॉर्डिस्टच नव्हता. कुणाचं तरी नाव पाहिजे."

देवांग तिथेच कोक पीत होता. "माझं टाका ना," तो सहज म्हणाला. "माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. शैलेंद्र, कमीत कमी आपल्या माणसाचं नाव तरी लागेल यार."

शैलेंद्र म्हणाला, "टाका." त्या लेझीमवाल्याचं नाव छोटं होतं. टाइप पुन्हा मोठा करता आला.

अल्बम चालला. फार नाही, पण रेगे ऐकणाऱ्यांत बोलबाला झाला, एका मासिकाने आवाजाची तारीफ केली. मंडळाने देवांगचा शाल देऊन सत्कार केला. देवांगने 'टेपचा गोडवा' ह्या विषयावर भाषण ठोकलं. "टेप चूक पोटात घालते," असं तो म्हणाला तेव्हा टाळ्या पडल्या. माईक शैलेंद्रने लावला होता. उत्तम वाजला.

पुढच्या संक्रांतीला मंडळातल्या शोभाकाकूंच्या घरी हळदीकुंकू झालं. तिथेही त्यालाच माईक लावायला बोलावलं होतं. बायकांनी सुमेधाला घेरलं, "नाव घे! नाव घेतल्याशिवाय वाण नाही!" सुमेधा लाजली, मग माईक हातात घेऊन म्हणाली:

"टेक्ससच्या उन्हात मोगरा लावला कुंडीत,
शैलेंद्ररावांचं नाव घेते प्लेनोच्या मंडळीत."

बायकांनी एकच गलका केला. शैलेंद्रने आवाजाचं बटण किंचित खाली घेतलं. ह्या देशात त्याचं नाव जाहीरपणे घ्यायला परवानगी होती ती एवढीच, आणि तीही सवाष्णीला.

२००७ च्या उन्हाळ्यात सरकारने ग्रीन कार्डाच्या अर्जांसाठी अचानक दार किलकिलं केलं आणि अख्ख्या प्लेनोने अर्ज टाकून घेतले. ग्रीन कार्ड अजून लांबच होतं, पण शैलेंद्रला काम करायचं कार्ड आलं. सुमेधाने पेढे केले. वकिलाने मात्र बजावलं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत मागच्या वर्षांबद्दल कुठे काही बोलू नका.

काही महिन्यांनी डॅलसच्या एका स्टुडिओत त्याला मुलाखतीला बोलावलं. मालकीण पिकल्या केसांची, बोलायला मोकळी. तिने पुण्याचं सगळं आस्थेने ऐकलं.

"आणि इथे आल्यावर? ही चार-पाच वर्षं?"

"काही नाही," शैलेंद्र म्हणाला. "घरी होतो."

"अं," ती म्हणाली. ह्या "अं"चा खर्ज त्याला बरोबर ऐकू आला. "खरं सांगू? आम्हाला टेपवर हात बसलेला माणूस हवाय. सगळे लॅपटॉपवाले येतात. मला काय हवंय ते ऐकवते तुम्हाला." तिने ड्रॉवरमधून एक सीडी काढून लावली.

पहिली मात्रा रिकामी गेली. तिसरीवर दणका पडला, आणि खालून तो बेस आला. गोल, गरम, जमिनीतून वर चढणारा. शैलेंद्रच्या हातावर पुन्हा काटा आला. त्याने हात टेबलाखाली घेतला.

"ह्याला म्हणतात रेकॉर्डिस्ट!" मालकीण म्हणाली. तिने कव्हर डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं. "दे-वांग. प्लेनोत राहतो म्हणे. इंडियनच दिसतोय. तुम्ही काही ओळखत असाल का?"

सगळे इंडियन एकमेकांना ओळखतात असं समजणाऱ्या अमेरिकनांची प्लेनोत घरोघर टिंगल होते. शैलेंद्रला वाटलं, आज ही बाई बरोबर निघावी? "मीच तो" हे शब्द त्याच्या जिभेवर आले. पण त्यांच्यामागोमाग वकील आला, सुमेधाने खाली ठेवलेला घास आला, अर्जाचा तो जाड लिफाफा आला. गाणं संपेपर्यंत तो गप्प बसला.

बाहेर गाडीत बसल्यावर सुमेधाचा फोन आला. "कसा झाला रे इंटरव्ह्यू? काय विचारलं?"

"देवांगचा नंबर."



"मग?"

"दिला."