एकोणपन्नास डोकी

नोकरीत हाताळलेल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत. ही घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि ती गुन्हा म्हणून कुठेच दाखल नाही. स्टेशन डायरीत तिच्या चार ओळी आहेत. त्या मीच सांगून लिहून घेतल्या. त्यातली तिसरी खोटी आहे.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. चार वर्षं बाकी असताना का सोडली, असं लोक विचारतात. मी पाठदुखी सांगतो.

रविवार होता. रविवारी राजवाड्याबाहेरच्या मैदानात सहलीच्या गाड्यांची रांग लागते. सगळ्या एकाच साच्यातल्या, पांढऱ्या, काळ्या काचांच्या. या एका दिवसाच्या सहलींत माहिती सांगायला कुणी नसतं. गाडीचा व्यवस्थापक दारात उभा राहून सांगतो, "आपापलं बघून या, अमुक वाजता गाडीपाशी." लोक तिकीट काढतात, पिशव्या काउंटरवर देऊन बिल्ला घेतात, दरबार हॉल बघतात, शस्त्रं बघतात, पेंढा भरलेल्या वाघापाशी लेकरांना उभं करतात, तळ्याकाठी हरणं बघतात आणि परत येतात. निघताना व्यवस्थापक मधल्या वाटेनं बोट नाचवत डोकी मोजतो. आकडा जुळला की ड्रायव्हरला म्हणतो, "चला." तोंडं कुणी बघत नाही. ही पद्धत मी बंदोबस्ताला उभा असताना शेकडो वेळा पाहिली होती. तरी त्या दिवशी ती मला आठवली नाही.

सव्वाचारला ठाण्यात फोन आला. इचलकरंजीहून आलेल्या गाडीतला एक म्हातारा सापडत नव्हता. वय सत्तरच्या पुढं, साखरेचा आजार, सोबत भाचा. मी दोन अंमलदार घेऊन गेलो. भाचा पस्तिशीचा, यंत्रमागावर पाळी करणारा. हातात जेवणाचा डबा, तोही बंद. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

त्यानं सांगितलं ते असं. दोन वाजता मामांनी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं. डबा गाडीत राहिला होता. मामांना झाडाखाली बाकावर बसवून तो डबा आणायला गेला. गाडीला कुलूप, ड्रायव्हर जेवायला गेलेला. त्याला शोधून आणेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. परत आला तर बाक रिकामा.

"साहेब, इंजेक्शन घेतलंय आणि पोटात अन्न न्हाई," तो म्हणाला. "साखर उतरली की मानूस जागच्या जागी बसतोय. तुमी आधी त्यास्नी हुडका की, मग मला काय इच्यारायचं ते इच्यारा."

आम्ही राजवाड्याचं आवार पालथं घातलं. तळ्याच्या कडेनं फिरलो. म्हातारा नव्हता.

तेवढ्यात त्याच गाडीतल्या एका प्रवाशानं मला बाजूला घेतलं. नाव सांगणार नाही म्हणाला. "सकाळधरनं मामा-भाच्याचं सहीवरनं वाजत होतं, साहेब. मी मागच्याच सीटवर होतो. कागद हाय बगा त्येच्या पिशवीत."

पिशवी उघडली. घराचं बक्षीसपत्र निघालं. मामाचं घर भाच्याच्या नावावर. सहीची जागा कोरी.

पोलिसाच्या डोक्यात एक खटका असतो. तो पडला की समाधान वाटतं, आणि समाधान वाटलं की माणूस विचार करायचं थांबवतो. माझं तेच झालं. वारस नसलेला म्हातारा, कोरी सही, तळं आणि भाचा. मी त्याला जीपमध्ये घातलं.

पाच वाजता आम्ही ठाण्यात आलो. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्या दिवशी एक महिला पोलीस होती, नोकरीला पाच-सहा वर्षं झालेली. तिच्यासमोर पन्नाशीच्या एक शिक्षिका उभ्या होत्या, कराडच्या पलीकडच्या गावच्या. त्याही राजवाडा बघायला आलेल्या, पण दुसऱ्या गाडीनं. पिशवी परत घ्यायला बिल्ल्याच्या रांगेत अडकल्या, बाहेर आल्या तर गाडी निघून गेलेली.

"व्यवस्थापकाला आठ वेळा फोन केला," त्या म्हणत होत्या. "तो म्हणतो, बाई, एकोणपन्नास डोकी मोजून निघालोय, गाडी भरलीय, तुम्ही गाडीतच असाल, मागं बघा. मी त्याला म्हटलं, अरे, मी राजवाड्याच्या दारात उभी राहून तुझ्याशी बोलतेय. तर हसतो, आणि फोन ठेवतो."

महिला पोलीसही हसली. मीही जाता जाता हसलो. म्हणालो, "बाई, एसटी स्टँड इथून दहा मिनिटांवर. रिक्षा करा."

"मला रस्ता माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला एवढंच कळू दे, की मी इथं असताना माझ्या जागेवर कोण बसलंय?"

"बसा तिकडं बाकावर. बघू."

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा उच्चारलं असेल. त्याचा अर्थ 'बघणार नाही' असा असतो, हे ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

माझ्या खोलीत आणि त्या बाकात एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडे मी भाच्याला विचारत होतो, मामा कुठं आहे. भिंतीच्या पलीकडे एक बाई विचारत होती, माझ्या जागेवर कोण आहे. दीड तास दोन्ही प्रश्न एकाच छताखाली होते.

चौकशीचं शास्त्र आम्हाला शिकवलेलं असतं. तोच प्रश्न उलटसुलट विचारायचा, वेळा तपासायच्या, बोलू द्यायचं. मी पहिली वीस मिनिटं तसं केलं. तो एकच पालुपद लावून होता.

"साहेब, त्यांचं पोट रिकामं हाय."

"सहीवरून भांडण झालं का नाही?"

"झालं की. पर..."

"झालं ना? मग तळ्यावर कशाला नेलंस?"

"न्हेलं न्हाई. झाडाखाली बसवलं. साहेब, घड्याळ बगा, साडेपाच झाले."

सही कोण मागत होता आणि नको कोण म्हणत होता, हे मी विचारलंच नाही. नंतर कळलं, मामाच सकाळपासून 'आजच सही करतो, कागद काढ' म्हणून हट्ट धरून बसले होते. भाचा म्हणत होता, 'आज सहल हाय, मामा, आज सही नको. आणि तुमी असताना मला घर कशाला?' एवढंच भांडण. मागच्या सीटवरच्या माणसानं ऐकलं ते खरंच होतं. उरलेलं मी माझ्या पदरचं घातलं.

पावणेसहाला मी त्याला मारलं. उजव्या हाताचा माणूस समोरच्याला मारतो तेव्हा ते डाव्या कानाखाली बसतं. एकदा मारलं नाही. किती वेळा ते मोजलं नाही. तो खुर्चीवरून खाली गेला, उठला, परत बसला. कानावर हात धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मला वाटलं, आता बोलेल.

बोलला. "व्हय. मीच ढकललं."

"कुठं?"

"तळ्यात. आता तरी मानसं लावा, साहेब. सगळीकडं लावा."

मी खोलीबाहेर आलो तेव्हा माझी छाती फुगलेली होती. वरिष्ठांना फोन केला, कबुली मिळाली म्हणून सांगितलं. अग्निशमनच्या जवानांना तळ्यावर पाठवलं, ठाण्यातली होती नव्हती ती माणसंही पाठवली. म्हणजे म्हातारा जिथं नव्हता, तिथं सगळी ताकद लावली.

साडेसहा वाजता महिला पोलीस दारात आली. नमस्कार करून उभी राहिली. माझा त्रासिक चेहरा बघूनही हलली नाही.

"साहेब, एक बोलू का? चुकलं तर शिव्या घाला."

"बोल."

"इचलकरंजीच्या गाडीत एक म्हातारा कमी हाय. बाईंच्या गाडीत बाई कमी हायती. पर त्यांची डोकी भरल्यात. बाई हितं आणि डोकी एकोणपन्नास, मग एकोणपन्नासावं मानूस कुठनं आलं? दोन्ही गाड्या पांढऱ्याच हायत्या, साहेब. शेजारीशेजारीच लागलेल्या. बाईंची गाडी अडीचला सुटली, आणि म्हातारबा त्याच टायमाला गायब."

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. शिक्षिकाबाईंचाच फोन घेऊन तिनं त्या व्यवस्थापकाला लावला, स्पीकरवर टाकला. वाटेत आणखी एक देवस्थान करून गाडी महामार्गावर एका ढाब्यापाशी चहाला थांबली होती. मागून गाण्यांचा आवाज येत होता.

"पोलीस स्टेशनातनं बोलतीया. सतरा नंबरला, बाईंच्या जागेवर, कोण बसलंय?"

"मॅडम, त्या बाईंनी कंप्लेंट केली का? अहो, त्या बसल्यात. मघापासनं झोपल्यात. तोंडावर टॉवेल हाय."

"टॉवेल काढा."

"झोपलेल्या बाईच्या तोंडावरचा..."

"काढा म्हनतीया न्हवं. फोन ठिवू नका."

आम्ही सगळे त्या फोनकडं बघत होतो. शिक्षिकाबाई बाकावरून उठल्या होत्या. आत भाचा खुर्चीवरून वाकून दारातून बघत होता. गाणी बंद झाली. मग तो माणूस हळू आवाजात बोलला, जणू मोठ्यानं बोललं तर काही सांडेल.

"मॅडम, हे म्हातारं गृहस्थ हायेत. उठंनात."

"अंगाला हात लावा. गार हाय?"

"घाम आलाय. लई घाम. श्वास चालू हाय."

भाचा खोलीतून धावत आला. त्याला कुणी अडवलं नाही. फोनवर वाकून तो ओरडला, "साखर! गालाच्या आत साखर चोळा! गिळाया पानी देऊ नका, ठसका लागंल. नुसती साखर. मी सांगतो तसं करा." बोलताना त्याचा डावा कान त्यानं हातानं दाबून धरला होता. बोटांच्या फटीतून रक्त आलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं. शिक्षिकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीकडं पाहिलं.

रुग्णवाहिका गेली, मामांना दवाखान्यात नेलं. तीन दिवस शुद्ध नव्हती. वाचले. पण शब्द पूर्वीसारखे फुटेनात, जिभेवर काही ठेवून बोलल्यासारखं बोलू लागले. डॉक्टर मला म्हणाले, तास-दीड तास आधी साखर मिळाली असती तर एवढं झालं नसतं. दीड तास. मी ठाण्यातल्या बाकाचा हिशेब करत घरी गेलो.

म्हातारे भुकेनं उठून आपली गाडी शोधत आले, पहिली पांढरी गाडी दिसली तिच्यात चढले, खिडकीची जागा मोकळी दिसली, बसले. एवढीच ती केस.

भाच्याला मी विचारलं होतं, केलं नव्हतंस तर कबूल का झालास. तो म्हणाला, "तुमी बसूनच होता की, साहेब. म्हटलं, मी ढकललं म्हनलो तर निदान उठशीला."

पुढच्या आठवड्यात मी त्याला राजारामपुरीतल्या एका कानाच्या डॉक्टरकडं नेलं. चांगुलपणा म्हणून नव्हे, तक्रार होऊ नये म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता. त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मागावर आहे. इचलकरंजीला." मागांच्या खडखडाटानं माणसांचे कान जातात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. डॉक्टरांनी कागदावर तेच लिहिलं. मग एक कान तपासून झाल्यावर दुसरा तपासला, तो ठणठणीत निघाला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. कागद मात्र तसाच सही करून दिला. भाच्यानं तो घडी घालून खिशात ठेवला. डायरीतली तिसरी ओळ अशी आहे: 'सदर इसमाकडे विचारपूस करून त्यास जाऊ दिले.'

महिला पोलिसाला बक्षीस मिळावं म्हणून मी शिफारस पाठवली नाही. पाठवली असती तर दीड तासाचा खुलासा द्यावा लागला असता.

निवृत्तीनंतर, गेल्या वर्षी, मी इचलकरंजीला त्याच्या घरी गेलो. दारात मला बघून तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "या पावणं." साहेब म्हणाला नाही. घर मामांच्याच नावावर आहे, अजून. मामा खाटेवर बसले होते. काहीतरी पुटपुटले. भाच्यानं काम टाकलं, खाटेपाशी आला, मान वळवून उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला. एकाला नीट बोलता येत नाही, दुसऱ्याला नीट ऐकू येत नाही. त्यांनी तीनदा सांगितलं, तेव्हा याला कळलं. "चहा ठिवा म्हनत्यात," तो मला म्हणाला.

लोक सांगतात, पोलिसाला माणूस ओळखता येतो. मला तीस वर्षांत डोकी मोजता आली. आकडा जुळला की मीही 'चला' म्हणत आलो. समोरचं तोंड बघायचं राहिलं, आणि बाकावर बसलेल्या बाईचा प्रश्न ऐकायचा राहिला. नव्या पोरांना सांगायचं तर एवढंच आहे.

निघताना तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. गल्लीभर माग चालू होते. मी त्याच्या बाजूनं चालत होतो. म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ कर."

तो सरळ पुढं बघत चालत राहिला.

मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. घरातून निघताना उजवी बाजू मोकळी होती. मी डावीकडं गेलो.

म्हणून हे लिहिलंय. छापून आलं की पहिला अंक घेऊन मी इचलकरंजीला जाणार आहे, आणि तो वाचून होईपर्यंत समोर बसणार आहे.