बिनमाशाची टाकी

लॉन्ड्रीवाल्या काकांना कुठे डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. उभा जन्म लोकांच्या कॉलरी घासण्यात गेला. दुकान बंद करून घरी बसले तरी खोड काही गेली नाही. त्या खोडीनेच घात केला.

दूरदेशी राहणारी मुलगी नातीला घेऊन सुट्टीत यायची होती. मागच्या खेपेला ‘आजोबांकडे कंटाळा येतो’ असं नात आईच्या कानात म्हणाली, आणि ते नेमकं आजोबांनी ऐकलं. पोर खोटं बोलली नव्हती. आजी गेल्यापासून त्या घरात बघण्यासारखं होतं तरी काय? पण काकांच्या मनाला ते लागलं. नातीला केशरी पट्ट्यांचा समुद्री मासा आवडतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी इस्त्रीचं टेबल रिकामं केलं आणि त्यावर काचेची टाकी मांडली.

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने मीठ, समुद्राची ओली वाळू आणि भोकाभोकांचे दगड दिले. दगडांवर शेवाळ, चिखल, वर कसलासा वास! हे नातीसमोर ठेवायचं? काकांनी बाह्या सरसावल्या आणि गरम पाणी, ब्रश घेऊन दगड लख्ख घासले. वाळूही नळाखाली धुतली.

थोड्याच दिवसांत टाकीला अशी दुर्गंधी सुटली की शेजारीण नाक धरून चौकशीला आली. काका टाकीतलं बाटलीभर पाणी घेऊन माशांच्या दुकानात धावले.

“अमोनिया केवढा वाढलाय! काका, दगड धुतलात का?”

“स्वच्छ!” काका ऐटीत म्हणाले.

दुकानदाराने कपाळावर हात मारला. “अहो, जिवंत होते ते! त्यांच्यातले डोळ्यांना न दिसणारे जीवच पाण्यातलं विष खातात. तेच मारलेत. ते पुन्हा वाढेपर्यंत मासा टाकायचा नाही, तडफडून मरेल.”

“सुट्टीपर्यंत होईल?”

“ते पाण्याला विचारा.”

काका रोज पाण्याला विचारत. अमोनिया संपला की चाचणीच्या नळीतल्या पाण्याला पिवळा रंग यायला हवा होता, पण हिरवा काही हटेना. वाळूवर तपकिरी थर चढला, तेव्हा तर त्यांनी स्वतःचे हात पाठीमागे धरून ठेवले.

नात आली. काचेला नाक लावून म्हणाली, “मासा कुठाय?”

“येणार आहे गं.”

तिने थोडी वाट पाहिली, मग आईचा फोन घेऊन बसली. मासा आणून टाकावा, असं काकांना कितीदा तरी वाटलं. पण पोरीच्या डोळ्यांदेखत मेला तर? सुट्टी संपली, दोघी गेल्या. आणि मग नळी पिवळी झाली. काकांना रडूच कोसळलं.

“आता बिनधास्त न्या मासा,” दुकानदार म्हणाला.

“नको. ती आली की तिच्या हातानं सोडू.”

“मग रोज चिमूटभर खाद्य टाकत जा. नाहीतर ते जीव उपाशी मरतील.”

फोनवर नातीने पहिला प्रश्न तोच विचारला. “आणला?”

“तू आलीस की दोघं मिळून आणू.”

नात हरखली. “आई, आपण कधी जायचं?”

मुलीने फोन घेतला. “बाबा, पुढच्या वर्षी काही जमेलसं वाटत नाही. तुम्ही आणून टाका ना मासा.”

“बघू,” काका म्हणाले. फोन ठेवून ते टाकीपाशी गेले आणि त्यांनी रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाद्य टाकलं.