अण्णांची मांडी आणि जर्मन हेडफोन

ज्याला गाण्यातलं काही कळत नाही, त्यानं धारवाडची मुलगी करू नये. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण तोवर शालन मला पसंत पडली होती. मीही तिला पसंत पडलो होतो. आमचे अप्पा, तिची आई, दोन्हीकडच्या मावश्या, सगळ्यांची पसंती होऊन बसली होती. राहिल्या होत्या फक्त लग्नाच्या याद्या, आणि याद्या अडवून धरल्या होत्या अण्णांनी.

अण्णा म्हणजे शालनचे वडील. मूळचे आमच्यासारखेच दुकानदाराच्या घरातले, पण धारवाडला जाऊन गणिताचे मास्तर झाले, आणि तिथल्या हवेनं म्हणा, पाण्यानं म्हणा, गाण्याच्या नादी लागले ते कायमचे. मुलगा किती शिकलाय, हुबळीच्या दाजीबानपेठेतलं आमचं कापडाचं दुकान कसं चाललंय, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. पहिल्या भेटीत चष्म्यावरून बघत एकच विचारलं, "कान आहे काय?"

"आहे की," मी म्हणालो. (खरं तर मी आधी दोन्हीकडं हात लावून खात्री करून घेतली.)

मग मला बेळगावच्या इंजिनीअरची गोष्ट कळली. शालनसाठी माझ्याआधी त्याचं स्थळ आलं होतं. नोकरी उत्तम, उंची उत्तम. अण्णांनी त्याला एका बैठकीला नेलं. बुवा अजून घसा खाकरत होते, तेवढ्यात हा गृहस्थ डोळे मिटून म्हणाला, "क्या बात है!" दुसऱ्या दिवशी त्याची पत्रिका साभार परत गेली. ही गोष्ट शालननंच मला हसत हसत सांगितली. मी हसलो नाही. "क्या बात है" हे शब्द जन्मात उच्चारायचे नाहीत, एवढं मात्र तिथंच ठरवून टाकलं.

तरी दोन बैठका मी निभावल्या. कशा, ते आता सांगायला हरकत नाही. तबल्याचं आवर्तन फिरून जिथं येऊन पडतं त्या जागेला सम म्हणतात आणि दाद तिथं द्यायची असते, एवढं मी एका मित्राकडून पाठ करून घेतलं. सम मला कधीच दिसली नाही. मला दिसायचा तो अण्णांचा उजवा हात. अण्णा ताल धरायचे मांडीवर. हात वर गेला, रेंगाळला, पडला, की मी म्हणायचो, "वाह!" नजर हातावर, चेहरा बुवांकडं. मानेला रग लागायची, पण अण्णा दुसऱ्या बैठकीनंतर शालनच्या आईला म्हणाले म्हणे, "पोरगा समेवर आहे." मी देवळात नारळ फोडून आलो.

आणि मग ते प्रदर्शन आलं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट ही. टेपरेकॉर्डर नुकते घरोघर पोचत होते. हुबळी-धारवाडच्या काही हौशी मंडळींनी, त्यात दोन डॉक्टर, एक वकील, तीनचार इंजिनीअर, आपापल्या घरची स्टिरिओ यंत्रं हुबळीत दुर्गदबैलाच्या बाजारामागच्या एका मंगल कार्यालयात मांडायची ठरवली. मुख्य आकर्षण होतं दातांच्या एका डॉक्टरांनी भावाकडून मागवलेले जर्मन हेडफोन. अण्णांचा निरोप आला, "रविवारी सकाळी दहाला या. शालन पण येतेय. ऐकू, आणि मग याद्यांचं ठरवू."

निरोपाच्या चिठ्ठीत खाली आणखी एक ओळ होती. "बैठकीत लोक शेजाऱ्याचं बघूनही माना डोलावतात. हेडफोनमध्ये माणूस एकटा असतो. तिथं खरं कळतं."

ती ओळ वाचल्यावर त्या आठवड्यात मी दुकानात काय काय केलं ते अप्पा मरेपर्यंत सांगत असत. एका बाईंनी ब्लाउजपीस मागितला तर मी त्यांना पाच मीटर फाडून दिलं. शेवटी अप्पा म्हणाले, "तू गादीवर बस नुसता. कात्रीला हात लावू नको."

रविवारी मी पोचलो तेव्हा बाहेर हातगाड्या, रिक्षा, धान्याच्या पोत्यांवरून चाललेली भांडणं, आणि आत एकदम देवळासारखी शांतता. मंडळी धारवाडची, त्यामुळं खुर्चीवर बसून गाणं ऐकणं कुणाला मान्यच नव्हतं. हॉलभर गाद्या, पांढऱ्या चादरी, लोड. चपला बाहेर. प्रत्येक यंत्रासमोर दोघंतिघं मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. काहींच्या डोक्यावर हेडफोन, त्यामुळं नुसत्या माना हलतायत आणि आवाज काहीच नाही. मला तर एखाद्याच्या दहाव्याला आल्यासारखं वाटलं.

"बर्री, बर्री, कूड्री," म्हणत दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला गादीवर बसवलं आणि कपाटातून दागिन्यांची पेटी काढावी तसे हेडफोन काढले. मी मनातल्या मनात नवस बोललो. एवढ्यात देव पावला. डॉक्टरांनी दुसरा हेडफोन काढला! यंत्राला दोन भोकं होती. एक अण्णांना, एक मला, गाणं एकच. म्हणजे अण्णा समोर, अण्णांची मांडी समोर, अण्णांचा हात समोर. मी एकटा नव्हतो. मला डॉक्टरांना मिठी मारावीशी वाटली.

"आवाज बाहेरचा काही येणार नाही," डॉक्टर अभिमानानं म्हणाले. "बाजूला बाँब पडला तरी कळणार नाही."

शालन शेजारच्या टेबलावरच्या रेकॉर्डी बघायला गेली. मी हेडफोन चढवला.

खरं सांगतो, पहिलं मिनिटभर मी भीती विसरलो. कानांवर उशा ठेवल्यासारखं मऊ, आणि सगळं जग बंद. मग डाव्या कानात तानपुरा, उजव्या कानात पेटी, आणि मधोमध, बरोबर डोक्याच्या आत, तबला. माझ्या डोक्यात इतकी रिकामी जागा आहे हे मला त्या दिवशी कळलं. बुवा श्वास घेतात तोही ऐकू येत होता. मागं डावीकडं कुणीतरी खोकलं, तेव्हा मी वळून बघितलं. कुणी नव्हतं, खोकला टेपमधलाच होता! मग वाटलं, एवढं सगळं ऐकू येतंय तर बुवांनाही मी ऐकू येत असेन, आणि भीती परत आली.

मी अण्णांच्या हाताला नजर लावली. हात वर गेला, पडला. "वाह," मी म्हणालो. माझा आवाज मला ऐकू आला नाही. अण्णांना तरी कुठला यायला! म्हणून पुढच्या वेळी जरा मोठ्यानं म्हणालो. तरी मला ऐकू आला नाही. तिसऱ्यांदा आणखी मोठ्यानं. (तो दुर्गदबैलाच्या चौकापर्यंत गेला असं नंतर कळलं.)

दहा मिनिटं गेली असतील. अण्णांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. डोळे घट्ट मिटले, भुवया कपाळात चढल्या, तोंड अर्धवट उघडलं. इतके रंगलेले अण्णा मी दोन्ही बैठकांत बघितले नव्हते. हात मांडीवर फाडकन पडला. "वाह!" मी ओरडलो. लगेच पुन्हा पडला. लय वाढली असणार. "वाह! वाह!" मग तर हात थांबेचना, मांडीवर नुसता सपासप पडत होता, आणि मी प्रत्येक सम टिपत होतो. एकही सोडली नाही. मनात म्हटलं, वसंता, आज याद्या पक्क्या.

अण्णांनी डोकं मागं टाकलं आणि डावीउजवीकडं हलवलं. ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होते. मीही डोकं मागं टाकलं. त्यांनी हात पुढं करून माझा गुडघा गच्च धरला. रसिक लोक असं करतात हे मी पाहिलं होतं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला, आणि घशातलं सगळं बळ एकवटून म्हणालो, "पुन्हा एकदा, अण्णा! पुन्हा एकदा!"

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

तेवढ्यात कुणीतरी मागून माझ्या डोक्यावरचा हेडफोन ओढून काढला. शालन होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आणि हेडफोन निघाल्याबरोबर सगळा हॉल एकदम माझ्या कानांत घुसला.

"अरे सोड की माझा हात, मेल्या!" अण्णा किंचाळत होते. "पाय! पाय! गोळा आलाय पायात! किती वेळ सांगतोय, पाय धर म्हणून!"

"एनात्री? एनात्री?" असं कानडीत काय झालं म्हणून विचारत डॉक्टर धावले. मागं वीसपंचवीस लोक उभे होते. ते अण्णांकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

"अण्णा कळवळून ओरडतायत आणि तुम्ही पुन्हा एकदा म्हणताय?" शालन म्हणाली.

मला पळून जावंसं वाटलं. पण मागं ते वीसपंचवीस लोक वाट अडवून उभे होते, त्यामुळं मी होतो तिथंच राहिलो, आणि राहिलो म्हणून मला अण्णांची पोटरी दिसली. दगडासारखी झाली होती. आता मला गाण्यातलं काही कळत नसलं तरी पोटरीतलं कळतं. कापडवाल्याच्या घरात माणूस जन्मभर मांडी घालून गादीवर बसतो, आठवड्यातून एकदा कुणाच्या ना कुणाच्या पायात गोळा येतोच. मी घाबरत घाबरत अण्णांचा पाय सरळ केला, टाच तळहातात धरली आणि चवडा नडगीकडं दाबून धरला. अण्णांनी मला दोन शिव्या दिल्या. मग एक दिली. मग गप्प झाले.

"थांबला," ते थोड्या वेळानं म्हणाले.

डॉक्टर बिचारे सज्जन. वातावरण निवळावं म्हणून त्यांनी अभिप्रायाची वही पुढं केली. माझ्याआधीच्या लोकांनी त्या हेडफोनवर पानपानभर लिहिलं होतं, खर्ज कसा आणि तार सप्तक कसं. वीसपंचवीस लोक अजून बघतच होते. मी लिहिलं, "छान आहे. बसायला खुर्ची ठेवावी." अण्णांनी वही ओढून घेतली, वाचली आणि खाली सही केली.

बाहेर एका हॉटेलात आम्ही तिघं चहाला बसलो. अण्णांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "माझा हात बघून दाद देत होता काय तुम्ही?" मघाचं 'मेल्या' जाऊन 'तुम्ही' परत आलं होतं, ते मला जास्त भयंकर वाटलं.

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं. पण खोटं बोलायला जरा स्वस्थ चित्त लागतं.

"होय," मी म्हणालो. "पहिल्यापासून. मला गाण्यातलं काही कळत नाही, अण्णा. सम कुठं असते ते मला अजून ठाऊक नाही. शालन मला आवडली म्हणून शिकायला गेलो, पण नाही जमलं."

अण्णांनी कप खाली ठेवला. मला बेळगावच्या इंजिनीअरचा चेहरा दिसायला लागला. (मी त्याला कधी बघितलं नव्हतं, तरी.) माझी पत्रिका पोस्टानं येईल की कुणी आणून देईल, एवढाच प्रश्न उरला होता.

"अण्णा," शालन बशीत चहा ओतत म्हणाली, "मलापण नाही कळत."

"काय नाही कळत?"

"गाणं. मी लहानपणापासनं आईच्या मानेकडं बघून मान हलवते."

वीस वर्षं प्रत्येक बैठकीला ही पोरगी पुढच्या रांगेत बसवली होती त्यांनी. मला त्यांची फार कीव आली. पायात गोळा आला होता तेव्हाही इतकी आली नव्हती.

"आईचं तरी खरं आहे काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते तुम्हीच विचारा की," शालन म्हणाली.

त्यांनी विचारलं की नाही, ठाऊक नाही. पण त्या आठवड्यात याद्या झाल्या. अण्णांनी अट एकच घातली: "बैठकीला जावयानं यायचं, पण माझ्याशेजारी बसायचं नाही, माझा हात दिसेल असंही कुठं बसायचं नाही."

ती अट मी लग्नानंतर अक्षरशः पाळली. शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागं. तिथून ना हात दिसायचा ना मान. मग चुकीच्या जागी तोंड उघडण्यापेक्षा मी ते उघडायचंच बंद केलं. लोक वाह वाह करायचे, मी हाताची घडी घालून ताठ बसलेला. भीतीनं चेहरा जरा आवळलेला असायचा, तेवढंच.

हळूहळू धारवाडात माझ्याबद्दल बोललं जायला लागलं. अण्णांचे जावई फार जाणकार, म्हणे. सहजासहजी दाद देत नाहीत. तरुण गवई बैठक संपली की खांबामागं येऊन नमस्कार करायचे आणि विचारायचे, "कुठं कमी पडलं?" मी खाली बघायचो. ते आणखी खजील होऊन जायचे. एक जण तर रियाज दुप्पट केला म्हणून सांगायला घरी आला.

आणि मग एके दिवशी धारवाडच्या एका मंडळाचे लोक दुकानात आले. गायनाच्या स्पर्धेला परीक्षक पाहिजे होता, कडक. अप्पांनी त्यांना चहा पाजला. मला नाही म्हणायचं होतं. पण इतक्या लोकांना तोंडावर नाही म्हणायला धैर्य लागतं, म्हणून मी गेलो आणि पहिला नंबर कुणाला द्यायचा ते ठरवून आलो.